गोळीचं पाकीट नेमकं कोणासाठी?

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एक तातडीची सूचना काढली. 'कोल्ड्रिफ' नावाचं खोकल्याचं सिरप, बॅच नंबर एसआर-१३, घरात किंवा दुकानात असेल तर त्याचा वापर लगेच थांबवा आणि आम्हाला कळवा, असं तिचं सांगणं होतं. मध्य प्रदेशात छिंदवाडा आणि शेजारच्या जिल्ह्यांतली वीसहून अधिक लहान मुलं हे सिरप प्यायल्यावर मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली होती. त्यांतल्या काहींवर नागपूरला उपचार झाले होते. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. सूचना हवी तशीच होती. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: औषधाच्या बाटलीवर किंवा पाकिटावर बॅच नंबर कुठे असतो, हे लोकांना ठाऊक आहे आणि तो त्यांना वाचता येतो.

घरातलं कुठलंही औषध घेऊन हा शोध करून पाहावा. बाटलीवर तो लेबलच्या एका कडेला, फिकट शाईत, बहुतेक वेळा उत्पादनाची तारीख, एक्सपायरी आणि किंमत यांच्या गर्दीत सापडेल. गोळ्यांच्या पाकिटावर तो शाईत असेलच असंही नाही. अॅल्युमिनियमच्या कडेवर नुसते आकडे दाबलेले असतात. ते वाचायला पाकीट उजेडात तिरपं धरावं लागतं, आणि चाळिशी ओलांडली असेल तर चष्माही शोधावा लागतो. बाटलीवरचा नंबर निदान बाटली संपेपर्यंत बाटलीबरोबर राहतो. पाकिटाचं तसं नाही.

दोंडाईच्यासारख्या बाजारपेठेच्या गावात औषध कसं विकत घेतलं जातं, ते डोळ्यांसमोर आणा. शिंदखेडा तालुक्यातलं हे सर्वांत गजबजलेलं गाव. मिरचीचा बाजार, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन, उपजिल्हा रुग्णालय. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं एसटीने नाहीतर रिक्षाने येतात, बाजार करतात, दवाखाना दाखवतात आणि संध्याकाळच्या आत परततात. खिशात जेवढे पैसे असतील तेवढंच औषध घेतलं जातं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या असल्या तरी मेडिकलवर मागणी होते ती चार दिवसांची. मेडिकलवाला कात्री घेतो आणि दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून देतो.

इथे एक बारीक गोष्ट घडते. बॅच नंबर आणि एक्सपायरी पाकिटाच्या एकाच टोकाला असतात. जाणता दुकानदार कापायला सुरुवात करतो दुसऱ्या टोकाकडून, कारण उरलेल्या गोळ्यांची एक्सपायरी त्याला कळायला हवी आणि उद्या औषध निरीक्षक आला तर नंबरही दाखवता यायला हवा. त्याचं चुकत नाही. पण गिऱ्हाईक घरी घेऊन जातं तो तुकडा मात्र निनावी असतो. त्याच्यावर तारीख नसते, नंबर नसतो, आणि नावाचीही दोन-चार अक्षरंच उरलेली असतात. 'एसआर-१३' सारखी सूचना उद्या एखाद्या गोळीबद्दल निघाली, तर असा तुकडा हाती असलेल्या माणसाने ती कशाशी ताडून पाहायची?

हे असं का होतं, त्याचं उत्तर कारखान्यात आहे. पाकिटाची फॉइल मोठ्या रिळांवर आधीच छापून येते. तिच्यावर औषधाचं नाव, घटक, कंपनीचा पत्ता, सूचना असा सगळा मजकूर पुन:पुन्हा येत राहतो, त्यामुळे पाकीट कुठूनही कापलं तरी नावाचा काही भाग हाती लागण्याची शक्यता असते. बॅच नंबर आणि तारखा मात्र प्रत्येक बॅचला बदलतात. त्या आधी छापता येत नाहीत. गोळ्या भरून पाकीट बंद होताना, यंत्रावरचा ठसा त्या एकदाच उमटवतो, तोही जिथे मोकळी जागा ठेवलेली असेल तिथे, म्हणजे कडेला. प्रत्येक गोळीमागे हा ठसा उमटवणं अशक्य नाही. त्यासाठी यंत्रात बदल करावा लागतो, वेग थोडा कमी होतो आणि पैसे लागतात. ते पैसे खर्च करायला कंपनीला कोणी भाग पाडलेलं नाही.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने हा विषय औषध कंपन्यांपुढे काढला होता. दुकानदार अख्खं पाकीट घ्यायला लावतात, अशा तक्रारी आल्या होत्या. पोस्टाच्या तिकिटांसारखी छिद्रांची रेघ प्रत्येक गोळीभोवती द्या आणि प्रत्येक तुकड्यावर तारखा छापा, असा विचार त्या वेळी मांडला गेला. आज मेडिकलवर जाऊन पाहिलं तर त्यातलं किती प्रत्यक्षात आलं ते दिसतं. पाकीट पूर्वीसारखंच आहे आणि कात्रीही. दुकानदाराचीही एक बाजू आहे. मुदत संपलेलं अख्खं पाकीट घाऊक व्यापाऱ्याकडे परत करता येतं, कापलेलं पाकीट कोणी परत घेत नाही. चार गोळ्या कापून दिल्या की उरलेल्या सहा त्याच्या गळ्यात पडण्याची भीती असते. म्हणून तो 'पूर्ण घ्या' म्हणतो आणि गिऱ्हाईक 'चारच द्या' म्हणतं. दहा हा आकडा दोघांनीही ठरवलेला नसतो.

आता पाकिटावर काय लिहिलेलं असतं ते पाहू. औषधे नियम, १९४५ मध्ये लेबलवर काय काय हवं ते सांगितलेलं आहे: औषधाचं मूळ नाव, घटकांचं प्रमाण, उत्पादकाचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. यादी वाचली की लक्षात येतं, की हे सगळं निरीक्षकाला लागतं. रुग्णाला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. गोळी कशासाठी आहे? कधी घ्यायची? उपाशीपोटी की जेवणानंतर? चुकली तर काय करायचं? कशाबरोबर घ्यायची नाही? यातलं पाकिटावर जवळपास काही नसतं. 'डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे' असं इंग्रजीत लिहून विषय संपवलेला असतो. खोक्यात घडी घातलेला कागद असलाच, तर त्याच्या डोक्यावर बहुधा लिहिलेलं असतं, की ही माहिती फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. रुग्णाच्या हातात आलेला कागद रुग्णालाच सांगतो, की तू हे वाचू नकोस. युरोपात १९९२ पासून प्रत्येक औषधासोबत रुग्णासाठीचं माहितीपत्रक, त्या त्या देशाच्या भाषेत, सक्तीचं आहे. २००४ च्या सुधारणेनंतर खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमध्येही उमटवावं लागतं.

आपल्याकडे सुधारणा झाल्याच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. १३ सप्टेंबर २०१८ पासून औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन फाँट मोठं छापणं बंधनकारक झालं. खान्देशाला या नियमाचं मोल चांगलं कळू शकतं. इथला मुलगा सुरतेत कामाला असतो, तो तिकडून आईची 'प्रेशरनी गोयी' पाठवतो. तिकडचा ब्रँड वेगळा, दोंडाईच्यात मिळणारा वेगळा, रंगही वेगळा. आतलं औषध मात्र एकच. मूळ नाव ठळक नसेल तर माऊली दोन्ही गोळ्या घेते, रक्तदाब खाली जातो आणि ती न्हाणीत चक्कर येऊन पडते. पण या नियमातून जीवनसत्त्वांची मिश्रणं आणि तीन किंवा अधिक घटकांची मिश्र औषधं वगळली आहेत. आपल्या बाजारात मिश्र औषधांची रेलचेल आहे, आणि घोळ होतो तो तिथेच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, शिवाय तापाची म्हणून वेगळी. प्रौढ माणसासाठी दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा अशी नकळत ओलांडली जाते आणि त्याचा भार यकृतावर पडतो.

पाकिटावरची लाल रेघही अशीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिची मोहीम सुरू केली. लाल उभी रेघ असलेलं औषध, विशेषतः अँटिबायोटिक, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हा तिचा अर्थ. त्याआधी १ मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाच्या यादीतल्या ४६ औषधांवर लाल चौकटीतला इशारा आला आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागू लागली. कल्पना चांगली. पण रेघ बोलत नाही. तिचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो, आणि चौकटीतला इशारा इंग्रजीत आहे. शिवाय लाल रंग पाकिटावर नुसत्या सजावटीसाठीही वापरलेला असतो, त्यामुळे कुठली लाल रेघ सरकारची आणि कुठली कंपनीची, हे ओळखायलाही शिक्षण लागतं.

नावांचा गोंधळ तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मेंदूच्या मलेरियावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांवरून कॅडिला हेल्थ केअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स यांच्यात वाद झाला. २६ मार्च २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की औषधांच्या नावातल्या साम्याची तपासणी इतर वस्तूंपेक्षा कडक हवी. त्यासाठी दिलेलं एक कारण आजही लागू पडतं: या देशाची एक समान भाषा नाही, निरक्षरांचं प्रमाण मोठं आहे आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत. न्यायालयाला ही गोष्ट दिसली. लेबलची भाषा ठरवणाऱ्यांना ती दिसल्याचं पाकिटावरून तरी जाणवत नाही.

औषध ही तांत्रिक वस्तू, तिचं लेबल इतक्या भाषांत कसं छापणार, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर दोंडाईच्याच्या बाजारातच, मेडिकलपासून थोड्या अंतरावर, कृषी सेवा केंद्रात मिळतं. कापसावर फवारायच्या कीटकनाशकाच्या डब्यावर एक उभा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. कीटकनाशके नियम, १९७१ मधून आलेली ही खूण आहे. सोबतचं माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत छापलेलं असतं. बिडी-सिगारेटच्या पाकिटावर १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा चित्रासहित इशाऱ्याला द्यावी लागते. म्हणजे पिकावर मारायचं विष आणि छातीत ओढायचा धूर यांची माहिती शेतकऱ्याला रंगात, चित्रात आणि त्याच्या भाषेत मिळू शकते. रोज सकाळी गिळायच्या गोळीची माहिती तेवढी इंग्रजीत. लेबलने सगळं साधतं असा याचा अर्थ नव्हे. तो रंगीत चौकोन डब्यावर असतानाच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले होते. पण लेबल पुरेसं नाही, हे लेबल न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

याहून बोलकं उदाहरण सरकारी दवाखान्याच्या कपाटात आहे. क्षयरोगाच्या कार्यक्रमात पूर्वी प्रत्येक रुग्णाच्या नावाचा खोका असायचा. पहिल्या श्रेणीला लाल, दुसऱ्या श्रेणीला निळा. उपचार सुरू झाला त्या दिवशीच शेवटच्या दिवसापर्यंतचं औषध त्या खोक्यात असे. त्यामुळे 'साठा संपला, पुढच्या आठवड्यात या' असं निदान त्या रुग्णाला ऐकावं लागत नसे. कुष्ठरोगाच्या औषधाचं पाकीट २८ दिवसांचं. वरच्या बाजूला महिन्यातून एकदा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा डोस, खाली रोजच्या गोळ्या ओळीने मांडलेल्या. मोठ्यांचं पाकीट वेगळ्या रंगाचं, मुलांचं वेगळ्या. फाल्सिपॅरम मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं वयानुसार रंगीत: तान्ह्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळं, ५ ते ८ ला हिरवं, ९ ते १४ ला लाल, त्यावरच्यांना पांढरं. आशाताईला हिशोब करत बसावं लागत नाही, वय विचारलं की पाकीट हातात. आणि सर्वांत जुनी, सर्वांत साधी युक्ती 'माला-एन'ची. २१ गोळ्या गर्भनिरोधक, ७ लोहाच्या, वेगळ्या रंगाच्या. त्या सात गोळ्यांनी रक्त वाढायला मदत होते हे खरं, पण त्यांचं आणखी एक मोठं काम म्हणजे बाईची रोज गोळी घेण्याची सवय मोडू न देणं. पाकिटावर बाण काढलेले असतात. अक्षरओळख नसली तरी बाण कळतो.

क्षयरोगात तर पाकिटाला चक्क बोलतं करण्याचा प्रयत्न झाला. '९९ डॉट्स' या पद्धतीत गोळ्यांचं पाकीट एका पुठ्ठ्याच्या आवरणात घातलेलं असतं. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला एक फोन नंबर दिसतो. त्या नंबरवर रुग्णाने फुकटचा कॉल करायचा, की आज गोळी घेतल्याची नोंद होते. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये ही कल्पना आकाराला आली. तिच्यात त्रुटी आहेत. कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच असं नाही, आणि घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या खिशात आहे यावर सगळं ठरतं. पण रुग्ण घरी, एकटा, रात्री आठ वाजता त्या पाकिटाचं काय करतो, याचा विचार कोणीतरी केला होता.

मग हाच विचार रक्तदाबाच्या आणि शुगरच्या गोळीच्या पाकिटामागे का नाही? आजच्या घडीला घरोघरी असलेलं औषध ते आहे. माझ्या मते कारण ज्ञानाच्या अभावाचं नाही. सरकारी कार्यक्रमात रुग्णाने गोळी घेतली नाही तर अपयश कार्यक्रमाचं असतं, म्हणून पाकीट रुग्णाच्या बाजूने विचार करतं. बाजारात औषध निवडतो डॉक्टर, ब्रँड ठेवतो दुकानदार, पैसे देतो रुग्ण. साबण किंवा चहाची पुडी गिऱ्हाइकाला आवडली नाही तर ते दुसरी घेतं. गोळीचं पाकीट वाचता येत नाही म्हणून कोणी दुसऱ्या कंपनीची गोळी मागत नाही, आणि मागूही नये. त्यामुळे पाकीट सोपं करण्यात कंपनीचा फायदा नाही आणि अवघड ठेवण्यात तोटा नाही.

रुग्ण मग स्वतःची व्यवस्था उभारतात. अहिराणी बोलणाऱ्या घरांत गोळ्या रंगाने ओळखल्या जातात: 'लाल गोयी सकायले, धवयी गोयी रातले.' ही व्यवस्था चांगली चालते, पुढच्या महिन्यात ब्रँड बदलेपर्यंत. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीचा रंग बदलल्यावर रुग्णाने ती सोडून देण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथले रुग्ण लेबल वाचू शकणारे होते, तरीही.

काही वेळा पाकिटाचा आकारच चुकीची सूचना देतो. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. दहा गोळ्यांचं पाकीट मात्र रोजच्या गोळीसारखंच दिसतं, आणि सोबत दिलेली फॉलिक अॅसिडची गोळीही बरेचदा तशीच बारीक, पिवळसर असते. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवू लागते आणि जीव जातो. अशा चुका जगभर झाल्या. २०१९ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने या गोळ्या बाटलीऐवजी ब्लिस्टरमध्येच द्या आणि 'आठवड्यातून एकदाच' हे ठळकपणे छापा, असं सांगितलं. आपल्याकडे मात्र हा इशारा डॉक्टर किंवा मेडिकलवाला पेनाने लिहून देईल, त्यावर भरवसा आहे.

पाकिटातला आकडा सुद्धा औषध असतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ पासून पॅरासिटामॉलच्या एका पाकिटात औषध दुकानात जास्तीत जास्त ३२ आणि इतर दुकानांत १६ गोळ्या, अशी मर्यादा घातली गेली. पुढच्या अकरा वर्षांत या औषधाच्या विषबाधेने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालं. रागाच्या किंवा निराशेच्या भरात घरात जे सापडेल ते गिळलं जातं. घरात कमी सापडलं, तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. आपण दहाचं पाकीट कापून देतो ही पद्धत म्हणून सर्वस्वी टाकाऊ नाही. कापलेल्या तुकड्यावर नाव आणि तारीख राहिली तर ती उलट चांगलीच आहे.

उन्हाळ्याचा मुद्दा खान्देशात तरी सोडता येणार नाही. बहुतेक पाकिटांवर '३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा' असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात इकडे पारा ४३-४४ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या घरात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. एक्सपायरीची तारीख ही नीट ठेवलेल्या, बंद पाकिटाची असते, हे पाकीट सांगत नाही. (महिना आणि वर्ष दिलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, हे मात्र नियमातच आहे.) गोळ्या पत्र्याखालच्या फळीवर, देवघराच्या दिव्याशेजारी किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नयेत. माठाजवळचा कोनाडा थंड असतो, पण ओल लागणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डब्यात.

उन्हाळ्यातच लागणारी आणखी एक पुडी म्हणजे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी. छोटी पुडी २०० मिलिलिटरची, म्हणजे साधारण एका पेल्याची. दोन्ही दिसायला सारख्या. मोठी पुडी एका पेल्यात कालवून बाळाला पाजली तर मीठ पाचपट होतं आणि जुलाबाने कोरडं पडलेलं बाळ आणखी धोक्यात जातं. 'एक लिटर' हा शब्द घरातल्या कोणत्या भांड्याला लागू पडतो, ते पुडीवर नसतं. तांब्या प्रत्येक घरात वेगळ्या मापाचा. पिण्याच्या पाण्याची विकत मिळणारी एक लिटरची बाटली आता खेड्यातही सापडते, तिचं माप वापरावं. नावाची फसवणूक मात्र अलीकडे थोडी आटोक्यात आली. साखर भरपूर आणि क्षार नावापुरते असलेली पेयं 'ओआरएस' ही अक्षरं मिरवत मेडिकलवर विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अन्नपदार्थांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली.

या सगळ्यावर सरकारचं सध्याचं उत्तर क्यूआर कोड हे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या पहिल्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर तो सक्तीचा आहे. बनावट औषध ओळखायला तो उपयोगी पडतो आणि ते काम महत्त्वाचं आहे. पण तो स्कॅन केल्यावर मिळतं काय? नियमाने त्यात असायला हवं ते म्हणजे औषधाचं नाव, उत्पादक, बॅच नंबर, तारखा, परवाना क्रमांक. जे पाकिटावर इंग्रजीत होतं तेच फोनवर इंग्रजीत. आणि बटणाच्या फोनला तेही नाही.

लेबलचे नियम केंद्राचे आहेत, त्यात राज्याला फार हात घालता येत नाही. पण औषध ज्या कागदी पाकिटात घालून दिलं जातं, ते कोणाच्या परवानगीने छापावं लागतं? केरळने २०२५ च्या सुरुवातीपासून अँटिबायोटिक निळ्या पाकिटातून देण्याची पद्धत आणली, इशाऱ्याचा मजकूर त्या पाकिटावरच. महाराष्ट्रातला मेडिकलवाला आजही छोट्या कागदी पाकिटावर पेनाने '१-०-१' लिहितो. तिथेच सूर्य, ताट, चंद्र अशा तीन खुणा, औषध कशासाठी याची एक ओळ, आणि बॅच नंबर व तारखेसाठी दोन रकाने मराठीत छापले, तर खर्च काही पैशांचा आहे. उपजिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीपासून सुरुवात करता येईल.

खुणा मात्र मुंबईत किंवा पुण्यात बसून काढू नयेत. दक्षिण आफ्रिकेत ऱ्होड्स विद्यापीठातल्या रॉस डाऊस यांनी अमेरिकेत तयार झालेल्या औषधी चित्रखुणा कमी शिकलेल्या लोकांना दाखवून पाहिल्या. कित्येकांना त्यांचा अर्थ लागला नाही किंवा भलताच लागला. तिथल्याच लोकांना विचारून काढलेल्या खुणा जास्त कळल्या. अर्धा चंद्र पाहून दोंडाईच्याच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर बसलेल्या आजीला रात्र आठवते की ईद, हे तिलाच विचारायला हवं. दहा आज्यांना विचारायला एक सकाळ पुरते.

तोवर गिऱ्हाइकाने करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. सुट्या गोळ्या घेतल्या तरी बिल मागावं, त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते, आणि ते बिल त्याच गोळ्यांच्या पिशवीत ठेवावं. पाकीट अख्खं घेतलं असेल तर गोळ्या तारखेच्या विरुद्ध टोकाकडून काढाव्यात. ब्रँड किंवा रंग बदलला तर जुनं पाकीट दाखवून 'हीच का?' असं मेडिकलवर विचारावं. औषध घेतल्यावर काही विपरीत वाटलं तर डॉक्टरांकडे जावंच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या केंद्राच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवावं. कळवताना पलीकडून जी माहिती विचारली जाते, तिच्यात बॅच नंबर असतो.